आधार आणि त्याची खूण

दान कसें द्यावें, परोपकार कसा करावा, दया कोणावर करावी, या प्रश्नांची चर्चा नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून विपुल आढळते. परंतु ती सारी देणाऱ्याच्या बाजूची. घेणाऱ्यानें कसें घ्यावें, किती दिवस घ्यावें, आणि घेण्याचें कारण संपल्यावर पुढें केलेला हात मागें कसा घ्यावा, याविषयीं ग्रंथकार बहुधा मौन धरतात. स्मृतिकारांनीं प्रतिग्रहाचे नियम घालून दिले आहेत हें खरें. पण कोणाकडून घ्यावें आणि कोणाकडून घेऊं नये, यापलीकडे ते फारसे जात नाहींत. आम्ही आज जवळजवळ तीस वर्षें महाविद्यालयांत हाच विषय शिकवीत आहों, तरी या मौनाकडे आमचें लक्ष कधीं गेलें नव्हतें. गेल्या पावसाळ्यांत आमचा डावा गुडघा मोडला, आणि मग हा प्रश्न पायाला बांधूनच आम्हांस तीन महिने हिंडावें लागलें.

रोह्यास आमचें वडिलोपार्जित घर आहे. तेथें आमची आई राहते. आम्ही नोकरीनिमित्त पेणला राहतों आणि दर रविवारीं आगगाडीनें रोह्यास जातों; कासू, नागोठणें, निडी हीं मधलीं स्टेशनें आम्हांस झोपेंतहि सांगतां येतील. जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत असेच गेलों असतां मागल्या दारच्या पायरीवरून पाय घसरला. पायरी जांभ्या दगडाची. हा दगड उन्हाळ्यांत जितका भरंवशाचा तितकाच पावसाळ्यांत दगलबाज. मृगाच्या चार सरी पडल्या न पडल्या तोंच त्याच्यावर शेवाळ धरतें, आणि मग जन्मभर त्याच पायऱ्या चढलेल्या माणसासहि तो ओळख देत नाहीं. गुडघ्याची वाटी आडवी दुभंगली. दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली.

वाटी मोडली म्हणजे ती आपोआप कां जुळत नाहीं, हें डॉक्टरांनीं आम्हांस कागदावर काढून दाखविलें. मांडीचा पुढचा मोठा स्नायु वरच्या तुकड्याला वर ओढीत असतो, आणि नडगीला जोडलेली कंडरा खालच्या तुकड्याला सोडीत नाहीं. त्यामुळें दोन तुकडे जवळ येण्याऐवजीं एकमेकांपासून दूरच जातात. यावर योजलेला उपाय असा, कीं तुकड्यांतून दोन उभ्या सळया घालावयाच्या आणि त्यांच्या भोंवतीं पुढल्या अंगानें इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी एक तार आवळावयाची. ही तार अशा युक्तीनें बसविलेली असते, कीं गुडघा वांकवला म्हणजे जी ओढ तुकड्यांना फांकवणार, तीच आतल्या अंगानें त्यांना एकमेकांवर दाबते. फोडणाऱ्या शक्तीलाच सांधण्याच्या कामास जुंपण्याची ही कल्पना आम्हांस इतकी आवडली, कीं दुखणें विसरून आम्ही ती भेटावयास आलेल्या प्रत्येकास सांगत सुटलों. भेटावयास आलेलीं माणसें असें कांहीं ऐकावयास आलेलीं नसतात, हें आमच्या ध्यानांत फार उशिरां आलें.

त्यानंतर पट्टा आला. डॉक्टर त्यास ब्रेस म्हणत, पेणच्या बाजारांत सगळे बेल्ट म्हणत. आम्ही पट्टाच म्हणूं. मांडीच्या मध्यापासून पोटरीच्या खालपर्यंत पोंचणारा, दोन्ही अंगांस धातूच्या पट्ट्या, गुडघ्यापाशीं बिजागरी, आणि बिजागरीवर अंशांचे आंकडे लिहिलेली एक चकती. प्रथम ती चकती शून्यावर, म्हणजे पाय काठीसारखा सरळ. पुढें तीस अंश, मग साठ, मग नव्वद, असा वांकण्याचा परवाना हप्त्याहप्त्यानें मिळत गेला. बांधण्यासाठीं वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या. कुत्र्याच्या केसांत अडकलेलीं रानफळांचीं कांटेरीं बोंडें पाहून स्वित्झर्लंडमधील जॉर्ज दे मेस्ट्राल या एंजिनियरास १९४१ सालीं ही युक्ति सुचली म्हणतात. ही चिकटपट्टी सोडतांना जो चर्र असा आवाज होतो त्याविषयीं पुढें बोलावयाचें आहे.

मोडलेला अवयव बांधून ठेवावा कीं हालता ठेवावा, हा वाद वैद्यकांत फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकांत लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस यांनीं दीर्घ आणि अखंड विश्रांतीचा कैवार घेतला. त्यांच्या नांवाची पायाची चौकट पहिल्या महायुद्धांत असंख्य सैनिकांच्या उपयोगीं पडली. त्याच काळांत फ्रान्समध्यें ल्यूका-शांपियोन्येर नांवाचे शल्यवैद्य मर्दन आणि हालचाल यांवर भर देत होते. १८९२ सालीं जर्मनींत यूलियस वोल्फ यांनीं असें प्रतिपादन केलें, कीं हाडाची घडण त्याजवर पडणाऱ्या भाराप्रमाणें बदलत जाते. भार काढून घेतला कीं हाड दुबळें होतें. स्नायूचें तर याहून लवकर. आमच्या दोन्ही मांड्यांस व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनीं फीत लावून पाहिली, तेव्हां डावी मांडी महिन्याभरांत दोन बोटें उतरली होती. ज्या पट्ट्यानें हाड सांभाळलें त्याच्याच आश्रयाखालीं मांस झिजत होतें.

परंतु या वादांत आम्हांस सर्वांत शहाणें बोलणें सुश्रुताचें वाटलें. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत मोडलेल्या हाडांसाठीं स्वतंत्र अध्याय आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस, वेळू इत्यादिकांचे आधार करून अवयव बांधावा; बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाहीं आणि फार आवळला तर सूज व वेदना उत्पन्न होतात; आणि तो बंध थंडींत सात, समशीतोष्ण काळांत पांच व उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं सोडून पुन्हां बांधावा, असें तेथें सांगितलें आहे. हाताच्या तळव्याचें हाड मोडलेल्या रोग्यास तर प्रथम मऊ गोळा धरावयास द्यावा आणि हातांत बळ आल्यावर दगड धरावयास द्यावा, अशी पायरी लावून दिली आहे. बांधण्याच्या विधींतच सोडण्याचा विधि गोंवलेला आहे, ही यांतली गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. जो बंध वारंवार सोडून पाहावयाचा असतो, तो कायमचा आहे असें मनास वाटूं लागण्याचें भय कमी.

सहाव्या आठवड्यास, ऑगस्टच्या आरंभीं, क्ष-किरणांचें चित्र पाहून डॉक्टर म्हणाले, “हाड उत्तम जुळलंय. आतां पट्टा काढा. बाहेर गर्दीत जातांना वाटलंच तर चार दिवस लावा, मग सोडून द्या.”

आम्ही तो सोडला नाहीं. डॉक्टरांच्या बोलण्यांतला “वाटलंच तर” एवढा भाग आम्ही धरून ठेवला आणि “चार दिवस” हा भाग विसरलों.

कां, हें सांगतांना आम्हांस आपली बाजू थोडी मांडावीशी वाटते. भय हें कारण खरें होतें. ज्यास एकदां पायाखालची पायरी दगा देऊन गेली, त्यास नंतर प्रत्येक पायरी ओली दिसूं लागते. पेण स्टेशनच्या पुलाचा जिना उतरतांना आम्ही कठडा असा घट्ट धरीत असूं, कीं मागून येणाऱ्यांची रांग खोळंबावी. याच पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं १८९५ सालीं जन्मलेले विनोबा १९५१ सालीं भूदानासाठीं पायीं निघाले आणि वर्षानुवर्षें देशभर चालत राहिले. निघाले तेव्हां त्यांचें वय पंचावन्न होतें. आमचेंहि वय तेंच, आणि आमची मजल स्टेशनापासून महाविद्यालयापर्यंत, तीहि रिक्षांत.

परंतु भय हें सगळें कारण नव्हतें. पट्टा दोन कामें करीत होता. एक काम गुडघ्याशीं. तो त्यास धरून ठेवी. दुसरें काम लोकांशीं; तो त्यांच्याशीं आमच्या वतीनें बोले. आम्ही डब्यांत चढलों कीं कोणी तरी उठून जागा देई. बँकेंत रांगेंतले लोक आपण होऊन म्हणत, “सर, तुम्ही पुढें व्हा.” परीक्षांच्या पर्यवेक्षणाच्या यादींत आमचें नांव नव्हतें. अध्यापकांच्या खोलींत कोणत्याहि कंटाळवाण्या कामाची वांटणी सुरू झाली, कीं आम्ही पट्टा थोडा सैल करण्याकरितां म्हणून खालीं वांकत असूं. तो चर्र आवाज झाला कीं सर्वांच्या माना आमच्याकडे वळत आणि तें काम दुसऱ्याकडे जाई. आम्ही हें ठरवून करीत होतों असें म्हणवत नाहीं. पण पांचव्या-सहाव्या वेळेस आपण हें करतों हें आमच्या ध्यानांत आलें होतें, आणि सातव्या वेळेसहि आम्ही तें केलें.

यांत खरोखर नुकसान झालें तें एकाचें. आमचा एक तास सकाळीं सातचा असतो. तो आमच्या दुखण्यांत एक तरुण अध्यापक घेऊं लागले. ते तासिका तत्त्वावर नेमलेले, म्हणजे जितके तास तितके पैसे. आणि कागदोपत्रीं हा तास आमचा असल्यामुळें त्याचे पैसे त्यांस मिळत नव्हते. ते राहतात रोह्यास. पहाटेच्या गाडीनें यावें, आमचा तास घ्यावा, आणि मग स्वतःचा तास होईपर्यंत दोन तास वाचनालयांत बसून राहावें, असा त्यांचा क्रम चालला होता. पहिल्या सहा आठवड्यांबद्दल आम्हीं त्यांचे मनापासून आभार मानले. पुढचे पांच आठवडे त्यांनीं आमच्या गुडघ्यासाठीं नव्हे, आमच्या पट्ट्यासाठीं काढले, आणि तें त्यांस ठाऊक नव्हतें.

आतां आम्हीं खोटें काय बोललों? एक शब्दहि नाहीं. कोणी “पाय कसा आहे?” असें विचारलें तर आम्ही “सुधारतो आहे” म्हणत असूं, आणि तें अक्षरशः खरें होतें. खोटें बोलण्याच्या बाबतींत कांटइतका कठोर तत्त्ववेत्ता दुसरा झाला नसेल. पण तोहि आपल्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत एक सवलत देतो. मी आपलें सामान बांधून ठेवलें, आणि तें पाहून हा प्रवासास निघाला असें लोकांनीं समजावें हीच माझी इच्छा असली, तरी मी खोटें बोललों असें होत नाहीं. कारण माझ्या मनांतला बेत सांगण्याचें मीं कोणास वचन दिलें नव्हतें. हें उदाहरण आम्ही दरवर्षीं वर्गांत देतों, आणि मुलांस तें फार आवडतें, कारण त्यांत एक पळवाट आहे. यंदा तें देण्याचा प्रसंग आला तेव्हां आमचा पाय पट्ट्यासह एका खुर्चीवर पसरलेला होता. कांटच्या उदाहरणांत एक माणूस कमी आहे, असें त्या दिवशीं आम्हांस प्रथमच जाणवलें. ती बांधलेली वळकटी पाहून शेजारचा मुलगा भर पावसांत रिक्षा आणावयास धांवला तर काय? तो भिजून परत आल्यावर “मीं तुला काहीं सांगितलें नव्हतें” हें म्हणावयास कोणता तत्त्ववेत्ता त्याच्यापुढें उभा राहील?

महाभारतकारांनीं ही गोष्ट अधिक जाणली होती असें वाटतें. द्रोणाचार्यांस अश्वत्थाम्याविषयीं सांगतांना धर्मराजानें जो शब्द हळू उच्चारला तो खराच होता. व्याकरणदृष्ट्या त्यांत दोष काढतां येणार नाहीं. तरी त्याचा जो रथ जमिनीपासून चार अंगुळें वर चालत असे तो त्या क्षणीं खालीं टेकला. व्यासांनीं शब्द मोजले नाहींत, ऐकणाऱ्याच्या मनांत काय उतरलें तें मोजलें. आमच्या बाबतींत रथ नव्हता, एवढाच फरक.

श्रावणांत आम्ही घरच्या गणपतीची मूर्ति सांगावयास नेहमींच्या कारखान्यांत गेलों. पेणच्या या व्यवसायाची कीर्ति सर्वत्र आहेच. येथील आणि जवळच्या हमरापूर-जोहे भागांतील मूर्ति परदेशांतहि जातात, आणि त्या तर कित्येक महिने आधींच रवाना होतात. पण श्रावण म्हणजे उरलेल्या साऱ्या महाराष्ट्राची घाई. कारखान्यांत पाय ठेवावयास जागा नसते. आम्ही पट्टा लावून दारांत दिसतांच दोन मुलांनीं मूर्ति बाजूला सरकवून वाट केली, आणि आंत जमिनीवर बसून डोळ्यांची आखणी करणारा एक कारागीर ब्रश ठेवून आमच्यासाठीं खुर्ची आणावयास उठला.

डोळ्यांची आखणी हें या कामांतलें सर्वांत नाजूक काम. तें सर्वांस जमत नाहीं. त्यासाठीं हा माणूस दिवसाचे दहा-बारा तास मूर्तीसमोर कधीं मांडी घालून, कधीं उकिडवा बसून असतो. उकिडवें बसतांना गुडघ्याच्या वाटीवर देहाच्या भाराच्या कित्येक पट दाब येतो, हें आम्हांस नुकतेंच शिकविण्यांत आलें होतें. तो उठला तो दोन्ही हात जमिनीला लावून, आणि उठल्यावर क्षणभर तसाच ओणवा राहिला. विजारीचा पाय वर सरकला होता. आंत गुडघ्यावर कापडी पट्टा होता, दुकानांत मिळतो तसला साधा, धुऊन धुऊन सैल झालेला. त्यानें तो आमच्या दृष्टीस पडलेला पाहिला, विजार खालीं ओढली, आणि मालकांच्या टेबलाकडे एकदां पाहून घेतलें.

“मालकांना बोलूं नका हां सर,” तो खुर्ची ठेवतांना हळूच म्हणाला. “सीझन आहे. ह्याचे गुडघे गेले असं एकदां झालं, कीं पुढच्या वर्षीं बोलवायला कोण येतंय?”

आम्हीं मान हालविली. मग त्यानें आमच्या पट्ट्याकडे बोट केलें. “तुमचा किती दिवसांचा सांगितलाय?”

“सहा आठवड्यांचा,” आम्ही म्हणालों.

“मग गणपतीच्या आधीं सुटाल,” तो म्हणाला, आणि आमच्या सुटकेचा त्यास खराखुरा आनंद झालेला दिसला. तो आठवा आठवडा होता. आम्ही गप्प बसलों.

मूर्ति ठरवून आम्ही बाहेर पडलों तों पायापेक्षां मन जड झालें होतें. तो कारागीरहि एक प्रकारें लोकांस फसवीत होता. आम्ही बरा झालेला पाय आजारी म्हणून दाखवीत होतों, तो आजारी पाय बरा म्हणून दाखवीत होता. खुणेचा आणि वस्तुस्थितीचा मेळ दोघांच्याहि बाबतींत नव्हता, आणि काटेकोर न्यायाधीश कदाचित् दोघांस एकाच कलमाखालीं बसवील. आम्हांस तें मान्य नाहीं. त्याच्या लपविण्यानें दुसऱ्या कोणावर भार पडत नव्हता. पडत होता तो त्याच्याच गुडघ्यावर. आमच्या दाखविण्याचा भार पहाटेच्या गाडीनें रोह्याहून येत होता.

याहूनहि बोंचणारी गोष्ट अशी, कीं दाखविण्याची सोय आम्हांस होती आणि त्यास नव्हती. दुखणें दाखवितां येणें ही एक मालमत्ता आहे, असें आम्हीं पूर्वीं कधीं मानलें नव्हतें. २००० सालच्या ऑक्टोबरांत पंतप्रधान वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत बदलण्यांत आला. शस्त्रक्रिया केली डॉ. चित्तरंजन राणावत यांनीं, ज्यांचा न्यूयॉर्क येथें १९७० नंतरच्या दशकांत कृत्रिम गुडघ्याच्या घडणींत हात होता. पुढच्या वर्षीं जूनमध्यें उजवाहि गुडघा बदलला. त्या गुडघ्याची वार्ता तेव्हां देशभर चर्चिली गेली आणि पंतप्रधान सावकाश चालतात हें लोकांनीं सहानुभूतीनें पाहिलें. तें योग्यच झालें. त्यांत गैर कांहीं नव्हतें. पण गुडघा हा सर्वांचा सारखाच सांधा असून एकाचा राष्ट्राच्या काळजीचा विषय होतो, एकाच्यानें आगगाडींत जागा मिळते, आणि एकाचा विजारीखालीं झांकून ठेवावा लागतो, हें शरीरशास्त्रानें उलगडत नाहीं. कायद्याचीहि येथें मदत नाहीं. २०१६ सालचा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा दीर्घकालीन अपंगत्वापुरता आहे. आमचे सहा आठवडे त्यांत बसत नाहींत, आणि त्या कारागिराचा झिजत चाललेला गुडघा तो कोणास दाखवीतच नाहीं, मग तो कोठें बसणार? दोघांचीहि सोय लोकांच्या डोळ्यांवर आणि मर्जीवर अवलंबून. म्हणूनच ती मर्जी निष्कारण खर्च करणें हें आम्हांस आतां साध्या आळसापेक्षां वाईट वाटतें. पट्टा पाहून उठणारा माणूस आणखी कितीदां उठेल याला मर्यादा आहे.

रविवारीं रोह्यास गेलों. आईचें वय ब्यायशी. ती हातांत काठी घेत नाहीं; बारा महिने छत्री घेते. फाल्गुनांतल्या कडक उन्हांतहि तिची छत्री मिटलेलीच असते, आणि ती टेकीत ती देवळापर्यंत जाऊन येते. तिला आधार लागतो हें सर्व आळीला ठाऊक आहे. तो आधार तिनें आपल्या मानास झेपेल अशा रूपानें घेतला आहे, आणि आळीनेंहि ती छत्रीच आहे असें मानण्याचें कबूल केलें आहे. पडल्या दिवशीं आम्हांस पायरीवरून प्रथम ओढून काढलें तें तिनें, शेजारीं येईपर्यंत. त्या रविवारीं आम्ही ओटीवर बसलों, पाय लांब केला, आणि संवयीनें पट्टा सैल केला. चर्र आवाज झाला. आई भाजी निवडीत होती. तिनें मान वर करून पाहिलें.

“अजून आहे कां रे तें?” ती म्हणाली.

डॉक्टर काय म्हणाले हें तिला ठाऊक नव्हतें. तिला तें विचारावयाचेंहि नव्हतें. आम्ही “हो, जरा गर्दीसाठीं” असें कांहीं तरी पुटपुटलों. ओटीवर आम्ही दोघेंच होतों.

त्या रात्रीं घरांत आम्ही पट्ट्याशिवाय हिंडून पाहिलें. भीति वाटली, पण ती पायाची नव्हती, पाय मुकाट्यानें चालत होता. मागल्या दारच्या त्याच पायरीवर कठड्यास हात लावून उभे राहिलों आणि उतरलों. मांडी थरथरली, कारण तिचें बळ अजून पुरतें आलें नव्हतें; तें पट्ट्यानें येणारहि नव्हतें. तरीहि दुसऱ्या दिवशीं पेणला जातांना आम्ही तो लावला. येथें वाचकांस आमच्याविषयीं जें वाटेल तें वाटो, पण हें सांगितलें नाहीं तर या लेखाला अर्थ राहणार नाहीं. गणपती येईपर्यंत आम्ही तो लावीत होतों. एकदां ज्या खुणेवर सारा गांव आपणांस ओळखूं लागला, ती खूण अमुक सोमवारीं उतरविली तर लोक मागल्या सोमवारांचा हिशेब विचारतील, असें वाटे. कोणी विचारणार नव्हतें, हेंहि ठाऊक होतें.

मूर्ति आणावयास आम्ही पट्ट्याविना गेलों. कारागीर दिसला, तो कोणाच्या तरी मूर्तीचा मुकुट बसवीत होता. त्यानें आमच्या पायाकडे पाहून अंगठा वर केला आणि पुन्हां कामाला लागला.

गणपतीची सुटी संपून महाविद्यालय उघडलें, त्या दिवशीं सात वाजावयास दहा मिनिटें असतांना आम्ही वर्गाच्या दारांत जाऊन उभे राहिलों. थोड्याच वेळानें ते तरुण अध्यापक ओली छत्री झटकीत जिना चढून आले. आमचा मोकळा पाय पाहून त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“वा, सर! निघाला वाटतं बेल्ट. कधीं सांगितलं डॉक्टरांनीं?”

“ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत,” आम्ही म्हणालों.

ते हंसले, त्यांस तो विनोद वाटला. तेव्हां आम्हीं पुन्हां सांगितलें, कीं विनोद नव्हे. पट्टा काढावयास पांच आठवड्यांपूर्वींच सांगितलें होतें, आणि हा तास तेव्हांपासूनच आम्हांस घेतां आला असता.

ते कांहीं वेळ बोलले नाहींत. खालीं पटांगणांत मुलांची गडबड चालली होती. मग त्यांनीं खांद्यावरची पिशवी पुढें घेतली.

“मी साडेचारला उठत होतों, सर,” एवढेंच ते म्हणाले, आणि पिशवींतून आमच्या वर्गाचा हजेरीपट काढून त्यांनीं आमच्या हातांत दिला.